मदत हवी आहे: युरोपात एकट्याने, रेल्वेने आणि पेन्शनच्या पैशात

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालोय. जन्म गेला लोकांचे पासपोर्ट छापण्यात. स्वतःचा काढला तो आत्ता, साठी उलटल्यावर. हातात आला तेव्हा नाव-पत्ता बघायच्या आधी अंगठ्याने पानाचा कागदच चाचपला. सवय, दुसरं काय. आता त्यावर एखादा व्हिसा चिकटावा अशी इच्छा आहे.

गणपती उठले की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी, असा बेत आहे. म्हणजे ऐन पितृपक्षात. त्यावर घरात जे बोलणं व्हायचं ते होऊन गेलंय, इथे परत नको. सौ.चे गुडघे दुखतात म्हणून ती येणार नाही, पण "जाताय तर मोजे जास्तीचे घ्या" इथपर्यंत गाडी आली आहे, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरतो.

ग्रुप टूरची चौकशी केली. एकट्याला वेगळी खोली म्हणून जो जादा आकडा ऐकला, त्यात माझा तिकडचा जेवणखर्च निघेल. शिवाय बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा, हे मला जमणारं नाही. मला रेल्वेत बसायचंय. लहानपणी इगतपुरीला मामाकडे गेलो की कसारा घाट चढून आलेल्या गाड्यांची मागून ढकलणारी बँकर इंजिनं सुटताना बघत उभा राहायचो. ते वेड अजून उतरलेलं नाही.

बजेट विमानासकट अडीच लाख. मनातला मार्ग: म्युनिकला उतरून साल्झबुर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, परत म्युनिक. भाचा म्हणतो, "मामा, डोळे मिटून इंटररेल पास काढा." डोळे मिटून मी आजवर काही केलेलं नाही, म्हणून विचारतो: असा अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा पास परवडतो की सुटी तिकिटं? व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा? साठीच्या माणसाला हॉस्टेलात घेतात का? अंडं चालतं, मांस-मासे नाही. खाण्याचं कसं जमवावं? इंग्रजी कामापुरतं येतं, जर्मन शून्य. "काका, या वयात कशाला" हा प्रतिसाद कृपया देऊ नये, तो घरी उपलब्ध आहे.

म्युनिककर: काका, आधी ते म्युनिक काढा! ऑक्टोबरफेस्ट हा इथला बिअरचा मोठा उत्सव नावालाच ऑक्टोबरचा. सुरू होतो सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो, म्हणजे तुम्ही म्हणताय तेच दिवस. तेव्हा इथे साध्या खोलीचे भाव ऐकून आम्हीच गप्प बसतो. व्हिएन्नाला उतरा, तिथूनच परत जा.

इंटररेल विसरा, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो. आपल्याला युरेल. साठीच्या पुढच्यांना त्यात १० टक्के सूट आहे, पण तुमच्या मार्गाला तोही परवडेल असं वाटत नाही. रोज उठून लांबचा पल्ला मारायचा असेल किंवा कुठे जायचं ते आयत्या वेळी ठरवायचं असेल, तर पास कामाचा. तुमचे मोठे प्रवास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन-तीन महिने आधी बघितलं तर व्हिएन्ना-बुडापेस्ट किंवा व्हिएन्ना-प्राग साधारण वीस-तीस युरोत जमतं. ऑस्ट्रियन रेल्वेची 'श्पारशीने' म्हणजे सवलतीची तिकिटं बघा आणि रेजिओजेट या चेक कंपनीच्या पिवळ्या गाड्या बघा. व्हिएन्ना-साल्झबुर्गला वेस्टबान नावाची खासगी गाडीही आहे, अडीच तासांत पोचवते. श्पारशीने मात्र त्याच गाडीला बांधलेलं असतं. तुमच्या चुकीने गाडी हुकली तर तिकीट वाया.

शिवाय फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पंचवटी एक्सप्रेसचा पास खिशात असला म्हणून खिडकी मिळतेच असं नाही ना, तसंच. आणि गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांनी पोचली तर ५० टक्के मागता येतात. जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. आम्ही इथे राहून त्या फक्त ऐकतोच.

ठाणे_फास्ट: व्हिसाचं सोपं आहे. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. साल्झबुर्ग आणि व्हिएन्ना धरून तुमच्या ऑस्ट्रियातच जास्त रात्री होतील, म्हणजे ऑस्ट्रिया. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश, असल्यामुळे चेकिया आणि हंगेरी त्यातच आले. फी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो, गणपतीची आरास लागेपर्यंत थांबू नका. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागेल. पेन्शनचे कागद, बँक स्टेटमेंट, आयकर विवरण जोडा. हॉटेलं आत्ता बुक करताना पुढे रद्द करता येतील अशीच घ्या.

प्राग_पाच_वर्षं: हॉस्टेलात घेतात, पण काही ठिकाणी सामायिक खोलीला वयाची अट असते, बुक करताना बघून घ्या. बऱ्याच हॉस्टेलांत एकट्याची खोलीही मिळते. खाण्याची काळजी करू नका. प्रागला 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज, बुडापेस्टला 'लांगोश', आपल्या भटुऱ्याची आठवण येईल असा. फलाफल, म्हणजे छोल्यांचे तळलेले वडे, सगळीकडे. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच ब्रेड-फळं आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली घरून न्या. चिवडा चालेल, पण पेढे आणि तूप घेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

प्राग आणि बुडापेस्टला युरो चालत नाहीत, कोरुना आणि फोरिंट. एटीएम "रुपयांत हिशोब करू का?" असं विचारेल. नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर दर कापून देतात.

घाटमाथा: काका, कसारा म्हणालात म्हणून लिहितो. व्हिएन्नाहून एक दिवस सेमेरिंगला द्या. कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने बांधलेली घाटातली रेल्वे, १८४८ ते १८५४. ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल, तेही डायनामाइटचा शोध लागण्याआधी. १९९८ मध्ये जागतिक वारशात घेतली. चढ बघाल तर आपल्या थळ (कसारा) घाटाच्याच तोडीचा. आणि खास तुमच्यासाठी: ऑस्ट्रियाच्या जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर एका बाजूला गेगा आणि दुसऱ्या बाजूला ही रेल्वे होती. नोटेवरचा पूल जिथून दिसतो त्या जागेला '२०-शिलिंग-ब्लिक' असंच नाव पडलंय. सेमेरिंग स्टेशनावरून चालत जाता येतं.

(धागाकर्ता): सर्वांचे मनापासून आभार. म्युनिक कापलं. व्हिएन्ना ते व्हिएन्ना, मधे साल्झबुर्ग, प्राग, बुडापेस्ट. पासचा विषय संपला, भाच्याला कळवलंय. त्याने "बरं" एवढंच उत्तर दिलं.

व्हिसाची माहिती काढताना कळलं की १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्के बंद होऊन फोटो आणि बोटांचे ठसे घेणं सुरू झालंय. म्हणजे मी पानं छापत बसलो तोवर शिक्क्यांचीच गरज संपत आली! असो, व्हिसाचं स्टिकर तरी चिकटेल.

घाटमाथा, २० शिलिंगची गोष्ट शेजारच्या नोट प्रेसमधल्या मित्राला सांगितली. तो आता जुनी नोट कुठे विकत मिळेल ते शोधतोय. तुम्हाला एक विचारायचं राहिलं: त्या वाटेवर चढ किती आहे? पांडवलेण्याच्या पायऱ्या मी न थांबता चढतो, तेवढा दम पुरेल का? आणि पाऊस असेल तर चिखल होतो का, म्हणजे बूट त्या हिशोबाने घेतो.