बीटल्सचा डिसेंबर १९६० चा बासिस्ट, हा चॅस न्यूबी कोण?

तारवाला
मंडळी, पॉल मॅकार्टनीच्या आधी बीटल्समध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बास गिटार वाजवायचा हे माहीत होतं, पण बँडमध्ये कोण कधी होतं त्याच्या एका यादीत चॅस न्यूबी असं नाव दिसलं आणि पुढे फक्त डिसेंबर १९६०. एका महिन्यात आला काय, गेला काय, भांडण झालं की काढून टाकला? आणि स्टुअर्ट तेव्हा कुठे होता? पुढे बिचारा आयुष्यभर कपाळ बडवत बसला असेल.

रात्रपाळी
काढलं बिढलं काही नाही हो. पोरं जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबात वाजवायला गेलेली, नोव्हेंबर १९६० च्या शेवटी तिथे सगळंच फिसकटलं. जॉर्ज हॅरिसन फक्त १७ चा, म्हणजे रात्री क्लबात वाजवायला वय कमी, हे पोलिसांना कळलं, त्याची घरी रवानगी झाली, मग पॉल आणि ड्रमर पीट बेस्ट. हे लोक बांबी किनो नावाच्या थेटरात पडद्यामागच्या कोंदट खोल्यांत झोपायचे, तिथून सामान हलवताना या दोघांनी भिंतीवर कंडोम लटकवून पेटवला, नुसता धूर आणि काळा डाग, पण क्लबमालक कोशमिडर आधीच चिडलेला कारण पोरं दुसऱ्या क्लबात जायच्या बेतात होती, त्याने आग लावल्याची तक्रार ठोकली आणि दोघं आधी कोठडीत मग थेट विमानात. जॉन लेनन मागून एकटा परतला. स्टुअर्ट आलाच नाही, अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर या तिथल्या फोटोग्राफरशी त्याचा साखरपुडा झालेला, तो तिच्याकडेच राहिला. म्हणजे बँड लिव्हरपूलला आणि बासवाला हॅम्बुर्गात.

आता चॅस. पीटच्या आधीच्या ब्लॅकजॅक्स बँडमधला हा गडी, तेव्हा कॉलेजात केमिस्ट्री करत होता आणि नाताळच्या सुट्टीत घरी आलेला. विचारलं, हो म्हणाला. बाससुद्धा उसना. १७ तारखेला पीटच्या आईचा तळघरातला कॅस्बा क्लब, २४ ला ग्रोव्हनर बॉलरूम, २७ ला लिदरलँड टाउन हॉल, ३१ ला परत कॅस्बा. खेळ खल्लास, सुट्टी संपली.

बेसुरा_बाळ्या
यातला २७ चा लिदरलँड सोडून पुढे जाऊ नका राव. मानधन सगळ्या बँडला मिळून ६ पौंड, जाहिरातीत 'थेट हॅम्बुर्गहून' असं छापलेलं त्यामुळे अर्ध्या पब्लिकला वाटलं पोरं जर्मन आहेत, नंतर म्हणे इंग्रजी छान बोलतात म्हणून कौतुक. पडदा उघडता उघडता पॉलने 'लाँग टॉल सॅली' ओरडायला सुरुवात केली आणि नाचायचं सोडून सगळे स्टेजकडे धावले. हॅम्बुर्गमध्ये रोज रात्री तासन्‌तास वाजवून हात किती तयार झालेत ते गावाला त्या दिवशी कळलं. बरेच जण बीटलमेनियाची, म्हणजे बीटल्सच्या चाहत्यांच्या वेडाची, सुरुवात तिथून धरतात, आणि त्या क्षणी बासवर होता चॅस!!

तारवाला
भारीच की. मग पुढे ठेवला का नाही त्याला? एवढं जमत होतं तर.

रात्रपाळी
अहो जॉनने विचारलं होतं ना, परत हॅम्बुर्गला जायचंय, येतोस का. हा म्हणाला नाही, कॉलेज आहे. विषय संपला. पुढे नोकरी केली, मग शाळेत गणिताचा मास्तर झाला, म्हातारपणी क्वारीमेन, म्हणजे जॉनचा बीटल्सच्या आधीचा बँड, त्यांच्याबरोबर परत वाजवायला लागला, मे २०२३ मध्ये ८१ व्या वर्षी गेला. पश्चात्ताप नाही असंच मुलाखतींत सांगायचा आणि मला ते पटतं. १९६० च्या डिसेंबरात बीटल्स म्हणजे जर्मनीतून हाकललेली चार पोरं होती, रेकॉर्ड नाही, मॅनेजर एपस्टाईन यायला अजून वर्ष होतं. अशा बँडसाठी डिग्री कोण सोडतो?

डावखुरा_डी
माझा लाडका मुद्दा राहिला. चॅस डावखुरा होता, म्हणजे बीटल्सचा पहिला डावखुरा बासिस्ट पॉल नाही!! पॉलला तरी बास कुठे हवा होता, तेव्हा तो मागे उभं राहणाऱ्याचं काम समजलं जायचं. १९६१ मध्ये स्टुअर्ट चित्रकलेकडे वळला तेव्हा ते पॉलच्या गळ्यात पडलं. स्टुअर्टने स्वतःचा होफनर कंपनीचा मोठा बास उसना दिला, पण तारा बदलायच्या नाहीत या अटीवर, त्यामुळे पॉल तो उलटा धरून वाजवायचा. मग व्हायोलिनच्या आकाराचा होफनर घेतला, स्वस्त होता हे एक, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने डाव्या हातात विचित्र दिसत नाही हे दुसरं.

बेसुरा_बाळ्या
कपाळ बडवायचं तर स्टुअर्टसाठी बडवा. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स चित्रप्रदर्शनात स्टुअर्टचं चित्र विकलं गेलं म्हणून हातात पैसे आले आणि जॉन लेननने बास घ्यायला लावला, नाहीतर तो या भानगडीत पडताच ना. बँड सोडल्यावर हॅम्बुर्गच्या कला महाविद्यालयात शिल्पकार पाओलोझीच्या हाताखाली शिकत होता, काम जोरात, डोकेदुखी त्याहून जोरात. १० एप्रिल १९६२ ला मेंदूत रक्तस्राव होऊन दवाखान्यात नेतानाच गेला, वय २१. जॉन, पॉल आणि पीट दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गला उतरले तर एअरपोर्टवर अ‍ॅस्ट्रिड उभी, तिने सांगितलं. दोन दिवसांनी स्टार क्लब या तिथल्या नव्या क्लबच्या उद्घाटनाला वाजवायचं होतंच, वाजवलं.

तारवाला
बापरे. यांचं वाजवलेलं ऐकायला कुठे मिळतं का?

रात्रपाळी
स्टुअर्टचं बीटल्सच्या अँथॉलॉजी १ या अल्बमवर, १९६० ची घरगुती टेप आहे, तीन तुकडे. आवाज भयंकर आहे, हेडफोन लावा आणि बास शोधत बसा.