फँटसी लिहून आणि दुसऱ्यांच्या कादंबऱ्या संपादित करून गोव्यात घर चालतं का?

वाळपयकार

नमस्कार. सत्तरी तालुक्यातल्या होंडा गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करतो, शिफ्ट ड्युटी. रात्रपाळीवरून आलो की झोपायच्या आधी थोडं थोडं करत एक फँटसी कादंबरी लिहून काढलीय, मराठीतच. १ लाख १० हजार शब्द झालेत. घोडेमोडणीचा नाच, रोयण (वारूळ), राखणदार (गाव राखणारं दैवत), झर्मे गावचा चोरोत्सव, लहानपणापासून बघितलेलं सगळं त्यात आहे, पण देश वेगळा, नावं वेगळी.

एका प्रकाशकाकडून उत्तर नाही. दुसरे म्हणाले, फँटसी लहान मुलांची असते, ४० हजार शब्दांत बसवा. तिसऱ्यांनी ६५ हजारांचं 'पॅकेज' सांगितलं: ५० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक), ॲमेझॉनवर नोंद आणि 'राष्ट्रीय ग्रंथालयात समावेश'.

तर स्वतःच काढावं असं डोक्यात आहे. आणि जमलं तर पुढे नोकरी सोडून लेखन अधिक फ्रीलान्स संपादन. असं जगणारं कोणी आहे का इथे? खरं काय ते सांगा. बायकोही वाचणार आहे.


डीटीपीवाला

नोकरी सोडू नका. बाकीचं सविस्तर मांडवीपल्याड ताई सांगतील, त्या या विषयावर गप्प बसूच शकत नाहीत.


मांडवीपल्याड

आलेच. मी डिचोलीची. पूर्वी पणजीत एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. आता स्वतःच्या फँटसी कादंबऱ्या स्वतःच काढते आणि पोटासाठी लोकांच्या कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते. त्यामुळे तुमचा प्रश्न मलाही दर महिन्याला पडतो, साधारण वीस तारखेनंतर.

आधी पॅकेज. देऊ नका. आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पॅकेजवाल्यांनी काढला तर कागदोपत्री प्रकाशक ते ठरतात, तुम्ही नाही. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी ई-बुक चालतं आणि खातं उघडायला पैसे पडत नाहीत. आणि तो 'राष्ट्रीय ग्रंथालयात समावेश' वाचून मला हसूच आलं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावीच लागते. पोस्टाच्या खर्चाला सन्मानाचं नाव देऊन विकतायत. करार आला असेल तर ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे ठेवलेत ते तेवढं बघा. 'सर्व माध्यमांतील' असा शब्दप्रयोग दिसला की फाईल बंद करा.

आता जगण्याचं. माझ्या रुपयातले बारा आणे संपादनाचे, चार आणे पुस्तकांचे, आणि ते चार आणेही सलग येत नाहीत. किंडलवर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक त्यांच्या 'सिलेक्ट' योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही. प्रतिलिपी ॲपवर प्रकरणं टाकली असतील तर आधी काढा. छापील पुस्तकाला विक्रेत्याचं कमिशन ४० टक्क्यांपर्यंत जातं, वर न खपलेल्या प्रती परत येतात त्या कोपरे दुमडून. मी एकदम शंभराच्या वर छापत नाही.

माझी पुस्तकं दुकानांपेक्षा जत्रांत जास्त खपली, हे मात्र सांगायला हवं. रात्री देवळासमोर मराठी नाटक असतं. पडदा उघडायच्या आधी खाज्याच्या दुकानाशेजारी टेबल टाकून बसते. 'फँटसी' म्हटलं की माणसं पुढे जातात. 'एका गावात खाजनाचा बांध फुटला, पण आत खारं पाणी शिरलं नाही, मेलेल्या माणसांच्या आठवणी शिरल्या' एवढं सांगितलं की थांबतात, आणि एखादी आजी विचारते, 'मग मानस कोणी उघडली?' (खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन, मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार.) ज्यांनी रात्र रात्र जागून दशावतारी काला बघितलाय, संकासुराला घाबरून आईच्या मागे लपलेत, त्यांना अद्भुत शिकवायला लागत नाही. फँटसी मुलांची असते म्हणणाऱ्या प्रकाशकाला एकदा सत्तरीत बोलवा.

संपादनाचे माझे दर असे: कथा-संपादन शब्दाला ६० पैसे, भाषा-संपादन ४० पैसे, मुद्रितशोधन १५ पैसे. कथा-संपादनात रचना, पात्रं, कुठे सुस्त होतंय, कुठे घाई झालीय हे बघते, भाषा-संपादनात वाक्यन्‌वाक्य. तुमच्या कादंबरीचं नुसतं भाषा-संपादन केलं तर ४४ हजार रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण दिवसाला पाच हजारांच्या वर शब्द मन लावून होत नाहीत. शिवाय लेखकाशी फोन, दुरुस्तीचा दुसरा हात, पावसात वीज जाते ते वेगळं. म्हणजे महिना गेला. आणि पुढच्या महिन्याचं काम ठरलेलं असेलच असं नाही. गणेश चवथीच्या आधी तर कोणी पैसेच देत नाही, सगळ्यांचे माटोळीत आणि फटाक्यांत अडकलेले असतात.

म्हणून ४० टक्के आगाऊ, ४० टक्के अर्धं काम दिल्यावर, उरलेले शेवटची फाईल पाठवायच्या आधी. ओळखीचा असला तरी. एका संस्थेने मला 'पुस्तक खपलं की देतो' म्हणून सांगितलं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, माझे पैसे अजून पहिल्याच आवृत्तीत आहेत.

फँटसीचं संपादन नक्की कसं चालतं ते थोडं सांगते, कारण इथेच खरी मजा आहे. हस्तलिखित आलं की पहिल्या वाचनात मी पेन्सिल उचलत नाही. दुसऱ्या वाचनात एक वही उघडते आणि त्या जगाचे नियम लिहून काढते. लेखकाने सांगितलेले नव्हेत, पानांवर दिसणारे. एका कादंबरीत राखणदाराला वाहतं पाणी ओलांडता येत नव्हतं. तिसऱ्या प्रकरणात त्याच कारणाने नायकाचा भाऊ मरतो, सगळी कथा त्यावर उभी. आणि एकोणिसाव्या प्रकरणात हाच राखणदार नदीच्या पलीकडे हजर. मी समासात लिहिलं, 'हा कसा पोचला?' लेखकाचं उत्तर आलं, 'ताई, जादू आहे ना.' मग अर्धा तास फोन. जादू आहे म्हणूनच हिशेब चोख हवा. वाचकाने त्या मरणावर डोळे पुसलेत, ते फुकट गेले असं त्याला वाटलं तर पुस्तक तिथेच मिटतो. शेवटी लेखकानेच तोडगा काढला: ओहोटीला पात्रातला खडक उघडा पडतो, पाणी थांबतं, तेवढ्यात तो ओलांडतो. मागच्या पाच प्रकरणांत भरती-ओहोटी पेरावी लागली, पण कादंबरीला अचानक घड्याळ मिळालं.

दुसरा रोग भाषेचा. मराठीत फँटसी लिहायला बसलं की सगळ्यांच्या तोंडी संस्कृत येतं. राजा 'आज्ञा शिरसावंद्य असावी' म्हणतो ते एक वेळ चालेल, पण होडीवालाही म्हणतो, 'आर्य, सांप्रत जलस्तर वृद्धिंगत झाला आहे.' अरे, तो होडीवाला आहे! 'पाणी चढलंय. ओहोटी लागेपर्यंत बसा तिथे.' एवढं लिहिलं की माणूस उभा राहतो. हल्ली यंत्राकडून 'सुधारून' आणलेली हस्तलिखितं येतात, त्यांत याच्या उलट: राजा, होडीवाला, भूत, सगळे बँकेच्या पत्रासारखं बोलतात. ती दुरुस्त करायला मी दर जास्त लावते.

आणि शेवटची गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. स्वतःचा खर्डा चालू असताना मी दुसऱ्याची फँटसी घेत नाही. आत्मचरित्र घेते, सामाजिक कादंबरी घेते, अनुवाद घेते. दिवसभर दुसऱ्याच्या जगाचे नियम सांभाळले की संध्याकाळी माझ्या खाजनात माणसं हलतच नाहीत. पैसे जातात, कळतं मला. पण या धंद्यात जो डोक्याचा भाग विकायचा तोच लिहायला लागतो, त्यामुळे कुठलं काम नाकारायचं हे ठरवता आलं नाही तर तुम्ही संपादक व्हाल, लेखक राहणार नाही. क्वालिटी विभागात निदान हा प्रश्न नाही.


कुळागर

ताई, शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मीही मडगावातून हेच काम करतो, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. उलट दुसऱ्याची फँटसी तपासतानाच माझ्या गाठी सुटतात. त्याच्या कादंबरीत मला जे खटकतं ते माझ्यातही असतं, फक्त स्वतःच्या पानावर दिसत नाही. आणि बाहेरच्या देशांतले स्वतः पुस्तकं काढणारे बरेच लेखक फँटसी लिहितात. तेच नाकारलं तर खायचं काय?

वाळपयकार, इंग्रजीचा पैसा बरा आहे, पण तिथे स्पर्धा जगभराची. हजार शब्दांचा नमुना करून दाखवल्याशिवाय कोणी काम देत नाही.


मांडवीपल्याड

कुळागर, तुम्ही सकाळी लिहिता आणि दुपारी संपादन करता. मला सकाळी नळाचं पाणी, डबे आणि सासूबाईंचं औषध असतं. फरक तिथे आहे, तत्त्वात नाही.


डीटीपीवाला

माझ्या बाजूचं सांगतो. फोंड्याला माझ्याकडे अजून निम्मं काम जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये येतं. किंडलला युनिकोड लागतं. कन्व्हर्टरमधून फाईल काढली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांचे हाल होतात. एका ऐतिहासिक कादंबरीत तलवारी होत्या म्हणून बरं, सुऱ्या असत्या तर मी संपलो असतो. पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. आणि इनडिझाइनमध्ये मांडणी करणाऱ्याला 'वर्ल्ड रेडी कंपोझर' चालू आहे का विचारा. नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि लेखकाला वाटतं संपादकाने चुका ठेवल्या.


वाळपयकार

सगळ्यांचे आभार. बायकोने वाचलं. 'नोकरी सोडू नका' एवढंच मोठ्याने वाचून दाखवलं.

दोन शंका. जीएसटी वगैरेचं काय? आणि मला संपादन शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

ताई, तुमच्याकडे कथा-संपादन केलं तर ६६ हजार होतात, म्हणजे पॅकेजपेक्षा जास्त. तेवढे आता नाहीत.


मांडवीपल्याड

हिशेब बरोबर आहे, म्हणून तर मी ते सुचवलं नाही. त्याऐवजी अभिप्राय-अहवाल करून घ्या, माझ्याकडून नाहीतर कुळागरांकडून. पूर्ण वाचून काय चालतंय, काय नाही याची दहा-बारा पानं मिळतात. मी ८ हजार घेते. ती पानं घेऊन दुसरा खर्डा तुम्हीच लिहा. पहिल्या कादंबरीवर वाक्यन्‌वाक्य संपादनाला पैसे घालायची घाई नको. अर्धी वाक्यं दुसऱ्या खर्ड्यात उडणार असतात.

जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. आपल्यापैकी कोणाला ही चिंता करायची वेळ आली तर मी पेढे वाटेन. संस्था पैसे देताना टीडीएस कापतात, ते विवरणपत्र भरून परत मिळवा, सोडू नका. जुन्या करपद्धतीत लेखकाला रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या करपद्धतीत नाही. सीएला विचारून ठरवा.

शिकायचं म्हणाल तर मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आधी. १९६२ चे आणि १९७२ मध्ये जोडलेले धरून १८ च आहेत. ते हाताखाली असले की निदान मुद्रितशोधनाची कामं मिळतात, आणि ती नोकरी सांभाळूनही होतात. कथा-संपादनाला मात्र वाचनच लागतं. पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात सुट्टीच्या दिवशी बसा. तुम्हाला आवडलेली एक कादंबरी घ्या आणि प्रकरणागणिक एका ओळीत लिहा: इथे काय बदललं? ज्या प्रकरणापुढे काही लिहिता येत नाही तिथे खूण करा. मग हेच स्वतःच्या कादंबरीला लावा. त्रास होईल.


वाळपयकार

मग अहवालच करून घेतो. अंदाज यावा म्हणून पहिली तीन प्रकरणं पाठवू का?


मांडवीपल्याड

पहिली नकोत. ती सगळेच घोटून घोटून आणतात. मधली कुठलीही तीन पाठवा, आणि सोबत तुमच्या राखणदाराला काय काय करता येत नाही त्याची यादी.


डीटीपीवाला

युनिकोडमध्ये.