म्हणे इंग्रजांत एकही फितूर नव्हता!

कोरडा_पाऊस
कालच्या धाग्यावर किल्लेदार यांनी निकाल देऊन टाकला : "दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स फुटला, नॉर्वे फुटला, इंग्रज मात्र एकही फुटला नाही. आपल्याकडे घरोघरी सूर्याजी पिसाळ." खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, इंग्लंडात जर्मन उतरलेच नाहीत तर फुटणार कोणापुढे? उतरले तिथलं बघा. जर्सी, गर्न्सी ही इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेलमधली ब्रिटिश राजाची बेटं १९४० च्या उन्हाळ्यापासून मे १९४५ पर्यंत जर्मनांकडे होती. बेलिफ (तिथे हा बेटाचा मुख्य न्यायाधीश आणि प्रमुख) तेच, पोलीस तेच, कारकून तेच. हुकूम तेवढे जर्मनांचे. ज्यूंविरुद्धचा फतवा नोंदवायला गर्न्सीच्या कोर्टापुढे आला तेव्हा उघड 'नाही' म्हणणारे एकटे सर अब्राहम लेने. १९४२ मध्ये तीन ज्यू बायका बेटावरून फ्रान्सला धाडल्या, तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. भिंतींवर विजयाचा 'व्ही' रंगवणाऱ्याला पकडून देणाऱ्यास २५ पौंड, हे इनाम बेलिफ व्हिक्टर कॅरींच्या सहीने निघालं. १९४५ त हेच कॅरी 'सर' झाले.

फाशी झाली ती मुख्यतः जर्मन रेडिओवर बडबडणाऱ्यांना. सही-शिक्क्यावाले सुखरूप.

किल्लेदार
पंख्याखाली बसून शौर्य शिकवणं सोपं आहे. जून १९४० मध्ये लंडनने स्वतःच तिथलं सैन्य काढून घेतलं. २८ जूनला जर्मन विमानांनी गर्न्सीच्या धक्क्यावर टोमॅटोचे ट्रक लष्करी समजून बाँब टाकले, तीसेक माणसं गेली. पुढे दर दोन-तीन माणसांमागे एक जर्मन शिपाई. ना डोंगर, ना जंगल. गनिमी कावा काय समुद्रात करायचा? कॅरी नसते तर जर्मनांनी थेट कारभार केला असता, तो परवडला असता का?

वकील_नाशिककर
किल्लेदार, हा बचाव जर्मनांशी जुळवून फ्रान्सचा कारभार चालवणाऱ्या पेताँनेही केला होता. त्याला फाशी सुनावली, वय बघून जन्मठेप केली. कॅरींना पदवी. निकष एकच लावा म्हणजे झालं.

बर्लिन रेडिओवरून इंग्रजीत नाझी प्रचार करणाऱ्या विल्यम जॉइसचा खटला तर नमुनेदार. जन्म न्यूयॉर्कचा, म्हणजे अमेरिकन. १९३३ मध्ये खोटं बोलून ब्रिटिश पासपोर्ट काढला. पासपोर्ट आहे तोवर राजाशी इमान बांधील, या मुद्द्यावर दोषी. हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या अपिलात ४ विरुद्ध १. लॉर्ड पोर्टर यांचं मत वेगळं पडलं. ३ जानेवारी १९४६ ला फाशी. एका खोट्या अर्जावर माणूस लटकला. उलट विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस बर्लिन रेडिओवर बोलला आणि शेवटी नाइट झाला!

सुस्त_मांजर
झालं! आणलंत वुडहाउसला मध्ये! तो फ्रान्समधल्या घरातून पकडला गेला, जवळजवळ वर्षभर स्थानबद्ध होता. सुटल्यावर अमेरिकेतल्या वाचकांसाठी पाच भाषणं केली, तीही छावणीतल्या गमतीजमतींची. नाझींची तारीफ एका वाक्याची नाही. भोळा होता बिचारा.

वकील_नाशिककर
साठीला टेकलेला माणूस 'भोळा'? १९४१ मध्ये लंडनवर बाँब पडून लोक मेले होते आणि हे बर्लिनमधून विनोद करतात. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला तारीफ नकोच होती. 'बघा, आमच्याकडे किती मजेत आहेत' एवढंच हवं होतं.

सुस्त_मांजर
तुम्ही त्याचं एक तरी पुस्तक पूर्ण वाचलंय का? माझे वडील शेवटच्या आजारात वर्तमानपत्रसुद्धा बघत नसत, वुडहाउस तेवढा उशाशी. खुद्द ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या, एमआय फाइव्हच्या मेजर कसननी १९४४ मध्ये चौकशी केली, खटला झाला नाही.

वकील_नाशिककर
वडिलांबद्दल आदर आहे. पण उशाशी पुस्तक असणं हा कोर्टात पुरावा होत नाही, ताई.

सुस्त_मांजर
मी 'ताई' नाही. बाकी पुरावेही असेच तपासता का?

सोलंटकाठची
वुडहाउस बाजूला ठेवा जरा. साउदॅम्प्टनला माझी घरमालकीण जर्सीची होती, तेव्हा लहान मुलगी. तिच्या बोलण्यात जर्मन कमी, शेजारी जास्त. कोणी जर्मनांना चुगलीची चिठ्ठी लिहिली, कोणाकडे अचानक लोणी आलं, सगळं नावानिशी पाठ. लुईसा गूल्ड या बाईने पळालेल्या रशियन कैद्याला घरात लपवलं. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवरून पकडली गेली, १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मेली. चिठ्ठी लिहायला कोणी बंदूक लावली नव्हती, किल्लेदार. आणि डोंगर-जंगल नसताना त्या बाईला जमलं ना?

किल्लेदार
चिठ्ठ्यांचं मान्य. नीच माणसं सगळीकडे असतात. पण माझे आजोबा मराठा पलटणीत होते, आफ्रिकेत पकडले गेले. जर्मन छावणीत त्यांना आझाद हिंदच्या पलटणीत चला म्हणून गळ घातली. गेले नाहीत. मिठाला जागणं म्हणतात त्याला.

रानटी_बाभूळ
म्हणजे गेले ते नमकहराम? नेताजींना जॉइसच्या ओळीत बसवताय? लाज वाटू द्या.

किल्लेदार
नेताजींचं नाव मी घेतलंय का? आजोबांबद्दल एक शब्द बोलाल तर बघा.

कोरडा_पाऊस
दोघेही थांबा. जॉइसला फाशी झाली त्याच आठवड्यात दिल्लीत आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सेहगल, धिल्लाँ यांची जन्मठेप माफ झाली. त्यांचे वकील भुलाभाई देसाई यांचा युक्तिवाद हाच होता की गुलाम देशाच्या माणसाचं इमान आधी देशाशी. कोर्टाने दोषी धरलंच; सोडलं ते बाहेर देश पेटला म्हणून.

आणि जॉन अ‍ॅमरीला कोणी विचारतच नाही! बाप लिओ अ‍ॅमरी, भारतमंत्री. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बापाच्या खात्याच्या संमतीने गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये बंद. नोव्हेंबरात त्याचाच मुलगा जॉन बर्लिनच्या रेडिओवर हिटलरची बाजू मांडतोय. पुढे ब्रिटिश कैद्यांतून हिटलरसाठी फौज उभारायला निघाला. साठ माणसंही जमली नाहीत. खटल्यात गुन्हा कबूल, आठ मिनिटांत निकाल, १९ डिसेंबर १९४५ ला फाशी. किल्लेदार, हा घ्या तुमचा 'एकही नाही'.

किल्लेदार
साठही जमली नाहीत हे तुम्हीच लिहिलंत, आभार. हजारो कैद्यांतून साठ. तर 'एकही नाही'च्या जागी 'चिमूटभर' वाचा, आणि कॅरींच्या नावाने एक दिवा लावा, झालं समाधान?

सोलंटकाठची
चिमूटभर फौजेत. बेटांवरच्या चिठ्ठ्या मोजल्यात का?

वकील_नाशिककर
त्या मोजायला कोर्टात तर आणायला हव्या होत्या. युद्धानंतर बेटांवर जर्मनांना साथ दिल्याबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही.

सुस्त_मांजर
आणि वुडहाउसला मात्र युद्धानंतर मायदेशी पाय ठेवता आला नाही. नाइटहुड मिळाला त्र्याण्णव्या वर्षी, पुढच्या महिन्यात गेला. वकीलसाहेब, अजून काय हवं होतं, फाशी?