विषय: पिकनिकहून आल्यावर मुलाला गोचीड चिकटलेली

नमस्कार मंडळी, काल मंडळाच्या पिकनिकहून आलो, आज सकाळी आंघोळ घालताना मुलाच्या गुडघ्यामागे तीळ दिसला, नीट पाहिलं तर त्याला पाय! यावलला सासूबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या घासलेट लाव, आपोआप सुटते. लावू का? इथे न्यू जर्सीत लाईमचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराचं, इतकं ऐकलंय की हातपाय गळालेत, प्लीज लवकर सांगा.

---

वहिनी, घासलेट अजिबात नको, काडीचा चटका पण नको, डिवचली की ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, अगदी कातडीलगत धरा, पीळ न देता सरळ वर ओढा आणि साबणाने धुवा. फेकू नका, चिकटपट्टीवर लावून तारीख लिहा. लाईमचे जंतू अंगात जायला ती बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, त्यामुळे घाबरू नका, पण डॉक्टरांना आजच फोन करा कारण डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एक डोस द्यायचा की नाही ते ७२ तासांच्या आत ठरवावं लागतं. बाकीचं अंगही तपासा, काखा, डोक्याचे केस, पिल्लं खसखशीएवढीच असतात.

आणि लाईमचा चट्टा उठतो का, यावर महिनाभर लक्ष ठेवा. फोटोत तो गोऱ्या कातडीवर लालभडक दिसतो, आपल्या रंगावर नुसता जांभळट काळपट दिसू शकतो. माझ्या बायकोचा चट्टा आम्ही मार लागलाय म्हणून सोडून दिला, तीन आठवड्यांनी अर्धा चेहरा वाकडा झाला तेव्हा कळलं की लाईम आहे. औषधांनी बरी झाली, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

मी सध्या चोपड्याजवळ गावी आहे. बाबा अजून म्हशीच्या गोचिड्या बोटांनी ओढून दगडावर चेचतात, हातमोजे घाला म्हणून चार दिवस भांडतोय, ते म्हणतात "काहीच व्हत नही". इथे भीती लाईमची नाही, काँगो तापाची, तो गोचीड चेचताना, जनावराच्या रक्तातून लागू शकतो. २०११ ला गुजरातेत साणंदकडे निघाला तेव्हा पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले, आणि नंदुरबार ओलांडलं की गुजरातच की. म्हशीला गोचीड ताप होऊ नये म्हणून औषध फवारतात, माणसाचा विचार मात्र कोणी करत नाही.

---

भाऊ, निघाली, पूर्ण निघाली! चिकटपट्टीवर लावलीय, डॉक्टरांनी दुपारी बोलावलंय. सासूबाईंना पण परत फोन करून हातमोज्यांचं सांगितलं, त्यांच्याकडे दोन गायी आहेत.