कार्बन ठिसूळ, मग त्यातून करंट कसा जातो?

शंकासुर:
काल मिक्सरचे नवीन कार्बन (मोटरचे ब्रश) आणले, बसवताना एक हातातून फरशीवर पडला आणि खडूसारखे दोन तुकडे. लेक आठवीत, तिला शिकवलंय धातू तन्य आणि सुवाहक, अधातू ठिसूळ आणि दुर्वाहक, ती म्हणे बाबा मग हा मोटरला करंट कसा देतो? मी म्हटलं आधी जेवून घे 😀 पण खरंच, या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?

वाइंडिंगवाला:
आहे, पण लांबचा. धातूत काही इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, मोकाट फिरतात, म्हणून करंट जातो आणि म्हणूनच अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी बंध टिकतो, तार वाकते पण मोडत नाही. मिठाच्या खड्यात थर जरा सरकला की प्लससमोर प्लस येतो आणि खडा फुटतो. ब्रशमधलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचंच एक रूप, त्याचं वेगळंच, कार्बनचे चारपैकी तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेले, चौथा थरभर हिंडतो, करंट तोच नेतो. शिवाय ब्रश म्हणजे पूड दाबून भाजलेली वडी, आत बारीक पोकळ्या असतातच, पडला की तिथून तडकणार.

खरकटी_कढई:
आमचा बिडाचा तवा ओट्यावरून पडून दुभंगला, तोही लोखंडच की! त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ठिसूळ, पण करंट लागला तर शॉक बसेलच. आणि रबर बघा, हवं तेवढं ताणा, करंट शून्य.

कसबा_पेठ:
तांबट आळीत बघितलंय, तांबं ठोकून कडक झालं की परत तापवून मऊ करतात नाहीतर चिरतं. गंमत म्हणजे एवढं कडक होऊनही वाहकता 2-3 टक्केच घटते. उलट एसीच्या तांब्याच्या पाईपात फॉस्फरस 0.04 टक्क्यांपर्यंतच असतो, वाहकता मात्र 15-20 टक्के पडू शकते, आणि पाईप वाकवायला मऊच.

वाइंडिंगवाला:
@कसबा_पेठ भारी मुद्दा. आणि टोकाचं उदाहरण निओबियम-टिन, 18 केल्विनखाली (साधारण उणे 255 अंश सेल्सिअस) रेझिस्टन्स शून्य पण इतकं ठिसूळ की फ्रान्समधल्या आयटर या अणुसंलयन प्रकल्पाच्या मोठ्या कॉइल आधी गुंडाळल्या आणि मग 650 अंशाला भाजल्या, कारण ते संयुग भाजल्यावरच तयार होतं आणि नंतर वाकवलं तर तडकतं.

शंकासुर:
धन्यवाद मंडळी, लेकीने मिठाचा खडा फोडून बघितला, ओटाभर मीठ 🙏 तुटलेला कार्बन फेविक्विकने चिकटवला तर चालेल का?

वाइंडिंगवाला:
अजिबात नको, फेविक्विकमधून करंट जात नाही. जोडी आणा, दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.