'वामवलनी'तलं वळणं कोणतं?

प्रश्न : रसायनशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'किरल रेणू ध्रुवित प्रकाश विखुरतात' असं लिहिलं होतं (किरल म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखे, आरशातल्या आपल्या प्रतिमेशी न जुळणारे; ध्रुवित म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा), मग कुठेतरी 'वामवलनी' आणि 'दक्षिणवलनी' वाचलं. म्हणजे प्रकाश डावीकडे वळतो? सरळ 'डावखुरा रेणू' म्हटलं तर?

– 'विखुरतात' आधी काढा. विखुरलेला प्रकाश दाही दिशांना जातो, आकाश निळं दिसतं ते त्यामुळे. इथे किरण द्रावणाने भरलेल्या नळीतून नाकासमोर जातो, फिरतं ते त्याच्या कंपनांचं प्रतल. त्यामुळे 'वलनी'तलं वळणं गाडी वळते तसलं नाही. आपण वाती वळतो, सुंभ वळतो, ते. वात लांबत सरळच जाते आणि तिला पीळही पडत जातो. नळी लांब घ्या किंवा द्रावण दाट करा, पीळ वाढतो.

– साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली. तिथे वलनबिलन कोणी म्हणत नाही, 'रसाचं पोल किती?' एवढंच. (पोल म्हणजे नेमकी साखर नव्हे बरं का. रसातलं जे जे प्रतल फिरवतं त्या सगळ्याची ती गोळाबेरीज.) साखरेचं विशिष्ट वलन (ठरावीक लांबीच्या नळीत, ठरावीक दाटपणाला पडणारा पीळ) उजवीकडे ६६.५ अंश. आम्लाने ती फुटली की ग्लुकोज उजवीकडे सुमारे ५३ आणि फ्रुक्टोज डावीकडे सुमारे ९२, म्हणजे मिश्रण डावीकडे जातं. उजव्याचं डावं झालं म्हणून ती 'इन्व्हर्ट' शुगर.

– 'डावखुरा'ला माझा विरोध. याच फ्रुक्टोजचं पूर्ण नाव डी-फ्रुक्टोज. हा डी 'उजव्या' घराण्याचा, आणि तरी पदार्थ वामवलनी! घराणं रचनेवरून ठरतं, वलन नळीत मोजून कळतं. 'किरल'च्या मुळाशी ग्रीक भाषेतला हात आहे, लॉर्ड केल्विन यांनी १८९३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात तो शब्द आणला. तेव्हा रचनेबद्दल बोलताना हात आणा, प्रकाशाबद्दल बोलताना पीळ. उजवंडावं तसंही फसवं. आपला दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्रात डावा ठरतो, कारण ते शंखाचं शिखर वर धरून तोंड कुठल्या बाजूला ते बघतात, आपण उलटा धरून.

प्रश्नकर्ती : 'डावखुरा' खोडलं. 'प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळणारा (वात वळतात तसं)' असं लिहिलंय. संपादक कंस उडवणार, तरी ठेवते.