मदत हवी आहे: पायपेटीत हवा टिकत नाही

आमच्या नाट्यसंगीत मंडळाकडे जुना दोन पेडलचा ऑर्गन म्हणजे पायपेटी आहे, पेडल आलटून पालटून मारत राहिलं तर सूर छान लागतो पण पाय जरा थांबला की लगेच आवाज बसतो, पदाला साथ करायची कशी! पेडलचे पट्टे नवीन घातलेत, स्प्रिंगा ठीक आहेत, भात्याचं कापड घडीवर चिरलं होतं तिथे रबरी कापडाचं ठिगळही लावलं, थोडाच फरक पडला. सुराची एकही पट्टी न दाबता, सगळे स्टॉप (सूर चालू-बंद करायच्या खुंट्या) बंद ठेवूनही तेच. हा हवा आत ओढणारा प्रकार आहे, हातपेटीसारखा बाहेर फेकणारा नाही, त्यामुळे गळती हाताला लागत नाही. वाद्य जड आहे, शहरात नेणं शक्य नाही. तर पेडलला जोडलेल्या छोट्या भात्यांच्या झडपा गळतायत की मागचा मोठा भाता, हे सगळं न उघडता कसं ओळखायचं?